पेशंट धरून टीम

तोंडाच्या कॅन्सरवर उपचार करणाऱ्या माणसांची मोजदाद करायला बसलं, तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. गाठ काढणारे सर्जन, काढलेल्या जागी गाल किंवा जबडा पुन्हा घडवणारे प्लास्टिक सर्जन, भूलतज्ज्ञ, किरणोपचाराचे डॉक्टर, केमोचे डॉक्टर, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे पॅथॉलॉजिस्ट, स्कॅन वाचणारे रेडिऑलॉजिस्ट, दातांचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, बोलणं आणि गिळणं शिकवणारे थेरपिस्ट, फिजिओथेरपिस्ट, समाजसेवा विभागातल्या ताई आणि रात्रंदिवस खाटेपाशी असणाऱ्या सिस्टर. या यादीत दोन नावं सहसा कुणी घालत नाही. एक पेशंटचं स्वतःचं. दुसरं त्याच्यापाशी थांबणाऱ्या माणसाचं, म्हणजे नाकातल्या नळीतून दर दोन तासांनी दूध घालणाऱ्या बायकोचं, मुलाचं किंवा भावाचं. ही दोघं टीमबाहेर राहिली, तर बाकीच्यांची मेहनत उणी पडते, असं माझं ठाम मत आहे.

या आजारात तर हे अधिकच खरं आहे. रोजचं दुखणं, खाणं, भीती, शंका हे सगळं टीमपर्यंत पोचवायचं ते तोंडानं, आणि इथे आजार तोंडालाच झालेला असतो. ऑपरेशननंतरचे काही दिवस पेशंट बोलू शकत नाही. किरणोपचारात तोंड आल्यावर तो बोलायचं टाळतो. म्हणजे बोलण्याची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच बोलणं सगळ्यात अवघड होतं. म्हणून आधी काय बोलून घ्यायचं आणि नंतर न बोलता कसं सांगायचं, याची तयारी हा उपचाराचाच भाग आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार माणसं दगावली. आपल्याकडच्या पुरुषांमध्ये हाच कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. चुना-तंबाखू, गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा, बायकांची मिश्री, नुसती सुपारी असे त्याचे रस्ते आपल्या ओळखीचे आहेत. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. टपऱ्यांवरून तो गेला का, हे वाचक जाणतातच.

तीन बोटं

तपासणीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला डॉक्टर अनेकदा स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगतात. निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात ती साधारणपणे बसतात. सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर ताठ झालेलं असेल तर दोन बसतात, कधी एक, कधी एकही नाही. त्याआधी कितीतरी महिने हा माणूस घरी तिखट लागतं म्हणून वरण-भात कालवून खात असतो. गालात पांढरा चट्टा असतो, दाताच्या कडेला जखम असते आणि ती भरत नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली कुठलीही जखम दाखवायलाच हवी, हा नियम शाळेच्या भिंतीवर रंगवण्याइतका महत्त्वाचा आहे.

नुसतं तोंड उघडून नीट पाहिल्यानं जीव वाचतात, याला आधार आहे. केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये या तपासणीमुळे तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, असं २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. त्या तपासणीला लागतात उजेड, हातमोजे आणि शिकलेली नजर.

तरी माणसं उशिरा येतात. सुई टोचली, तुकडा काढला की गाठ पसरते, ही समजूत अजून घरोघरी आहे. तिच्यापायी लोक काढे आणि लेप यांत महिने घालवतात. तोंडातला तुकडा तपासायला घेतल्यानं आजार पसरत नाही. तुकडा घेतल्याशिवाय मात्र कोणतेही जबाबदार डॉक्टर उपचार सुरू करत नाहीत. सार्वजनिक जीवनातली माणसंही या आजारातून सुटलेली नाहीत. आर. आर. पाटील यांचं २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरनंच निधन झालं. शरद पवारांवर २००४ मध्ये त्यासाठी शस्त्रक्रिया झाली. आपल्या सुपारी-तंबाखूच्या सवयीचा पश्चात्ताप त्यांनी जाहीर सभांतून बोलून दाखवला. त्यांच्या त्या बोलण्याची किंमत मोठी आहे, कारण या आजाराभोवती लाजेचं एक दाट कुंपण असतं आणि त्याच्या आत बसलेला माणूस डॉक्टरांनाही अर्धंच सांगतो.

एका टेबलाभोवती

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. ज्या रस्त्यावर ते उभं आहे, त्याला तिथल्याच एका सर्जनचं, डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आहे. आज अशा मोठ्या केंद्रांत तोंडाच्या कॅन्सरचा निर्णय एकटे डॉक्टर घेत नाहीत. सर्जन, किरणोपचाराचे आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसतात, स्कॅन आणि तुकड्याचा अहवाल समोर ठेवतात आणि मग योजना ठरते. याला ट्यूमर बोर्ड किंवा जॉइंट क्लिनिक म्हणतात. पेशंटच्या फाइलीत त्याची नोंद दोन-तीन ओळींची असते. त्या दोन-तीन ओळींवर पुढचं वर्ष उभं राहतं. म्हणून त्या समजावून मागणं हा पेशंटचा हक्क आहे.

एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. गाठ जिभेला आहे, मानेला काही लागत नाही, मग मान कशाला उघडायची? या प्रश्नाचं जगाला मान्य झालेलं उत्तर परळमधूनच गेलं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात गाठीबरोबरच मानेतल्या लसिका ग्रंथी काढल्या. दुसऱ्या गटात मानेत गाठ दिसली तरच त्या काढायच्या, असं ठरवलं. ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. या अभ्यासात सामील झालेली माणसं आपल्याच देशातली होती. त्यांनी दिलेल्या संमतीमुळे आज कुठल्याही रुग्णाला मानेच्या टाक्यांचं कारण सांगता येतं. पेशंट टीममध्ये असतो म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

सांगायच्या गोष्टी

निर्णय झाला की टीमला पेशंटकडून माहिती हवी असते आणि ती खरी हवी असते. तंबाखू कधी सोडली, की अजून चालू आहे? इथे खोटं बोलण्याची किंमत शरीर मोजतं. धूम्रपान किंवा तंबाखू चालू असेल तर जखमा उशिरा भरतात, किरणोपचाराचा त्रास वाढतो आणि गुणही कमी येतो. सोडवत नसेल तर तसंच सांगावं. सवय सोडवण्यासाठी औषधं आहेत, समुपदेशन आहे. दारूचं तर विशेषच. रोज पिणाऱ्या माणसाची दारू ऑपरेशनमुळे एकाएकी तुटते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापणं, भास होणं, नळ्या ओढणं सुरू होऊ शकतं. भूलतज्ज्ञांना आधी कळलं असेल तर त्यावर आधीच औषध देता येतं. बायकोसमोर सांगायची लाज वाटत असेल, तर डॉक्टरांशी एकट्यानं बोलू देण्याची विनंती करावी.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, मधुमेह, जुनी किडनीची तक्रार, कमी ऐकू येणं, चालू असलेले काढे आणि भस्मं हे सगळं कागदावर लिहून न्यावं. यातली कुठलीही बाब क्षुल्लक नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये किरणोपचारासोबत दिलं जाणारं सिस्प्लॅटिन हे औषध किडनीवर आणि कानांवर परिणाम करतं. टाटा मेमोरियलमध्येच ३०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दर तीन आठवड्यांनी दिलेल्या मोठ्या मात्रेनं आजार दर आठवड्याच्या छोट्या मात्रेपेक्षा अधिक काबूत राहिला, पण त्रासही अधिक झाला. पुढे जपानमधल्या अभ्यासानं दर आठवड्याची मात्रा थोडी वाढवून दिली, तर तीही शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांना पुरेशी ठरते, असं दाखवलं. सिस्प्लॅटिन सोसणार नाही अशांसाठी डोसेटॅक्सेलचा उपयोग परळच्याच संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिला. यातलं काय द्यायचं, हे डॉक्टर ठरवतात. पण कान आधीपासून मंद आहेत, हे त्यांना पेशंटच सांगू शकतो.

आता घरच्यांशी एक बोलायचं आहे. ‘त्यांना कॅन्सर आहे असं सांगू नका, ते खचतील’, ही विनंती डॉक्टरांना रोज ऐकावी लागते. तिच्यामागची माया खरी असते. पण या उपचारात ज्याच्या शरीरावर सगळं घडणार आहे, त्याला रोज स्वतः राबावं लागतं. तोंड दुखत असताना ते ताणून उघडायचं, गिळवत नसताना गिळायचं, मास्कखाली न हलता पडायचं. कशासाठी, हे माहीत नसलेला माणूस इतकं करू शकत नाही. शिवाय वॉर्डातल्या पाट्या त्यालाही वाचता येतात. त्याला किती जाणून घ्यायचं आहे, हे आधी त्यालाच विचारावं आणि तेवढं त्याला त्याच्या भाषेत, बेतानं सांगावं.

बोलणं जाण्याआधी

मोठ्या ऑपरेशनला पेशंट मंडळी ‘कमांडो’ म्हणतात. गाठ, जबड्याचा भाग आणि मानेच्या ग्रंथी एकत्र काढल्या जातात. उघडी पडलेली जागा भरायला शरीरातूनच कातडी, स्नायू, हाड घेतात. छातीचा स्नायू त्यावरच्या कातडीसह वर फिरवून लावण्याची पद्धत १९७९ पासून आहे आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडण्याची सोय नसलेल्या ठिकाणी आजही तीच आधार आहे. पायातलं फिब्युला हे हाड घेऊन जबडा घडवण्याची पद्धत १९८९ मध्ये आली. तोंडाच्या आजारासाठी पायाला टाके कशाला, असा धक्का शुद्धीवर आल्यावर बसू नये म्हणून हे सगळं आधी चित्र काढून समजावून घ्यावं.

ऑपरेशननंतर श्वासासाठी गळ्यात नळी असू शकते. ती असेपर्यंत आवाज फुटत नाही. नाकातून पोटात जाणारी नळी अन्नासाठी असते. शुद्धीवर आलेला माणूस तोंड हलवतो आणि आवाज येत नाही, तेव्हा त्याची घाबरगुंडी उडते. म्हणून आदल्या दिवशीच खुणा ठरवाव्यात. दुखतंय, कफ काढा, पाणी हवं, लघवीला जायचं आहे, भीती वाटते, या सगळ्यासाठी एकेक खूण. लिहिता येत असेल तर पाटी-पेन्सिल किंवा वही, येत नसेल तर चित्रांचा कागद. मोबाइलवर टाइप करता येतं, पण सुजलेल्या चेहऱ्यावर चष्मा बसत नाही, म्हणून अक्षरं मोठी करून ठेवावीत. आपल्या वतीनं डॉक्टरांशी कोण बोलणार, हेही पेशंटनं स्वतः ठरवून सगळ्यांसमोर सांगावं. चार नातेवाईक चार वेगवेगळे प्रश्न विचारत राहिले, की सिस्टर आणि डॉक्टर दोघेही थकतात आणि महत्त्वाचं एक वाक्य मधल्या मध्ये हरवतं.

दातांच्या डॉक्टरांकडे जाणं अनेकांना फालतू खेप वाटते. तसं नाही. किरणं मिळालेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर तिथला दात उपटला, तर जखम भरत नाही आणि हाड कुजू शकतं. म्हणून न वाचणारे दात किरणोपचाराआधीच काढतात आणि हिरड्या भरायला वेळ देतात. हा धोका पुढे आयुष्यभर राहतो. दहा वर्षांनी गावातल्या दवाखान्यात दात काढायची वेळ आली, तरी ‘मला शेक दिलेत’, म्हणजे किरणोपचार झालेत, हे पहिलं वाक्य असायला हवं.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सिस्टर तासातासाला येऊन नव्या लावलेल्या कातडीचा रंग आणि ऊब पाहतात. कातडी निळी-काळी किंवा एकदम फिकट पडली, तर रक्तवाहिनी अडली असण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी तातडीनं परत ऑपरेशनला घेतल्यास ती वाचू शकते. रात्री तीन वाजता दिवा लावून तोंडात डोकावणाऱ्या सिस्टरवर चिडणाऱ्या नातेवाइकांना हे कुणी सांगितलेलं नसतं. सांगितलं, तर तेच नातेवाईक रंग बदलल्याचं आधी पाहून त्यांना हाक मारतील.

गळ्यातल्या नळीतून कफ ओढणं, नळीतून अन्न देणं, टाक्यांची स्वच्छता या गोष्टी सिस्टर शिकवतात. पाठ टेकवून उंच बसवायचं, अन्न गाळून घ्यायचं, सावकाश द्यायचं, नंतर पाणी घालून नळी धुवायची, लगेच आडवं करायचं नाही. दूध, अंडं, डाळीचं पाणी, नाचणीची पेज, शेंगदाण्याचं कूट आहारतज्ज्ञ प्रमाणात बसवून देतात. हे शिकताना सिस्टरसमोर एकदा स्वतः करून दाखवावं. पाहिलेलं आणि केलेलं यात फार अंतर असतं आणि घरी गेल्यावर रात्री विचारायला कुणी नसतं. सुट्टी मिळताना एक प्रश्न नक्की विचारावा: कुठल्या लक्षणाला थांबायचं नाही, आणि तेव्हा फोन कुणाला करायचा? रक्त येणं, श्वास लागणं, ताप, नळी निसटणं यांची उत्तरं फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावीत.

तीस वेळा

शस्त्रक्रियेनंतर किरणोपचाराची गरज असेल, तर तो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा, अशी जगभरची शिस्त आहे. बहुतेक वेळा आठवड्याचे पाच दिवस, असे सहा आठवडे, ३० मात्रा आणि एकूण ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मास्क करतात, म्हणजे दर वेळी किरणं नेमक्या त्याच जागी पडतात. मधले दिवस चुकवले तर उरलेल्या पेशींना वाढायला उसंत मिळते. सणासाठी गावी जाऊन आठवड्यानं परतणं म्हणूनच परवडत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येतं. थुंकी चिकट होते, चव जाते, गिळताना काचा टोचल्यासारखं होतं. पेशंट खाणं कमी करतो, वजन उतरतं आणि मास्क सैल होतो. अशा वेळी पुष्कळ माणसं गप्प बसतात, कारण सहन करणं हे आपल्याकडे मोठेपणाचं लक्षण मानलं जातं. इथे ते नुकसान करतं. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, काल किती खाल्लं, वजन किती, हे दर आठवड्याला डॉक्टरांना सांगायचं. मीठ-सोड्याच्या गुळण्या, दुखण्यावरची औषधं, गरज पडल्यास मॉर्फिन आणि पुन्हा नळी, हे सगळे उपाय उपलब्ध असतात, पण मागणाऱ्यालाच ते वेळेवर मिळतात.

रोज जायचं तर राहायचं कुठे? जळगाव, लातूर, गडचिरोलीहून आलेल्या कुटुंबाला मुंबईत दोन महिने काढणं हा आजाराइतकाच मोठा प्रश्न असतो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी आजवर असंख्य पेशंटांना छप्पर दिलं आहे. तरीही रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर अंथरुणं दिसतातच. इथे समाजसेवा विभागातल्या ताईंचं काम डॉक्टरांच्या तोडीचं ठरतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात आणि योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. त्यांच्याकडे पहिल्याच आठवड्यात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जावं. पैसे संपल्यावर गेलं तर उपचाराचे दिवस हातचे जातात. २०१२ पासूनच्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली ३०० हून अधिक केंद्रं जोडली गेली आहेत. मुंबईत ऑपरेशन करून किरणोपचार आपल्या जिल्ह्याजवळ घेता येतील का, हे डॉक्टरांना मोकळेपणानं विचारावं. तसं विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

उपचार संपल्यावर

शेवटची मात्रा झाली की घरी पेढे वाटले जातात. वाटावेतच. पण टीमशी असलेलं नातं तिथे संपत नाही. जबडा पुन्हा आखडू नये म्हणून लाकडी चपट्या काड्या एकावर एक दातांत ठेवून तोंड उघडण्याचा व्यायाम महिनोन् महिने करावा लागतो. मानेच्या ऑपरेशननंतर खांदा उतरतो, हात वर जात नाही, त्याला फिजिओथेरपी हवी. मानेला किरणं मिळाल्यावर थायरॉइड मंदावू शकतं. थकवा आणि सुस्ती आजारपणाच्या नावावर घालवण्याआधी रक्त तपासून घ्यावं. आजार उलटायचा तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून त्या काळात दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायचं असतं. बरं वाटतंय म्हणून ही तपासणी चुकवू नये.

लग्नाच्या पंगतीत लाळ गळेल म्हणून न जाणारी, आरशात न पाहणारी, फोनवर आपलं बोलणं समजत नाही म्हणून नोकरी सोडणारी माणसं याच टप्प्यात एकटी पडतात. मिश्री लावणाऱ्या बाईच्या वाट्याला तर ‘तूच ओढवून घेतलंस’ हा टोमणाही येतो. दोष देणाऱ्या वाक्यानं कुणी तंबाखू सोडली असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ती माणसं फक्त पुढच्या तपासणीला येईनाशी होतात.

आणि आजार पूर्ण बरा होणार नसेल तर? तेव्हाही टीम असते. वेदनाशामक उपचारांचे म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर शेवटच्या आठवड्यात बोलवायचे नसतात. ते जितके लवकर येतील तितकं दुखणं, जखमेची दुर्गंधी आणि घरच्यांची धास्ती काबूत राहते. स्वस्त गोळ्यांच्या स्वरूपातली केमो या टप्प्यातल्या रुग्णांना सिस्प्लॅटिनच्या इंजेक्शनांपेक्षा थोडं अधिक आयुष्य आणि कमी त्रास देते, हे टाटा मेमोरियलच्या २०२० मधल्या अभ्यासानं दाखवलं. म्हणजे ‘आता काही करता येत नाही’ हे वाक्य टीमनं उच्चारूच नये. काही ना काही करता येतंच.

यंत्रणेकडे मागणं

पेशंटनं बोलावं, असं सांगणं सोपं आहे. शंभर माणसांच्या रांगेत प्रत्येकाला चार-पाच मिनिटं देणाऱ्या डॉक्टरांनाही दोष देता येत नाही. म्हणूनच बोलण्यासाठी वेगळी माणसं आणि वेगळा वेळ हवा. प्रत्येक कॅन्सर केंद्रात तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णासाठी एक ठरलेली सिस्टर असावी. पहिल्या दिवसापासून शेवटच्या तपासणीपर्यंत तिचा एकच फोन नंबर असावा. ऑपरेशनची संमती घेताना मराठीत, हिंदीत, चित्रांसह कागद द्यावा आणि तो वाचून दाखवणारं कुणी असावं. खुणांचा तक्ता प्रत्येक वॉर्डात टांगलेला असावा. खाटेपाशी बसलेल्या माणसाला औषधं आणायला पळवण्यापुरतं न वापरता शिकवावं. यातल्या कशालाही महागडं यंत्र लागत नाही.

आणि आपण, जे कुणाचा तरी भाऊ, मुलगी, शेजारी म्हणून कधीतरी त्या बाकावर बसणार आहोत, आपलं काम आजपासूनच सुरू होतं. घरात कुणाची जखम तीन आठवडे भरलेली नसेल, तर त्याला हात धरून दाखवायला न्यावं. डॉक्टर काय म्हणाले, हे त्याच्याकडून त्याच्या शब्दांत ऐकावं. त्याला कळलं नसेल तर दोघांनी मिळून परत आत जावं आणि पुन्हा विचारावं. उत्तर समजेपर्यंत विचारणाऱ्या पेशंटला चांगली टीम कटकट मानत नाही. ती त्याला आपल्यातलाच एक मानते.